बाहुल्याखालची घंटा

बासिलियो : हलू नकोस म्हटलं ना! हललास की पेट्रोल बुटांत उतरतं. उगाच वाया जातं.

रेनान : काका, दोन बोटं मोडलीत माझी, वर दोरखंड. मी हलत नाहीये, थंडीने आपोआप हलतंय.

बासिलियो : काका म्हणू नकोस. कचरा टाकणाऱ्याचा मी कोणी लागत नाही.

एउसेबिया : बासिलियो, त्याचं नाक पूस आधी. रक्त पाटीवर उडतंय. परवाच रंगवलीये.

बासिलियो : पुसतो, डोन्या एउसेबिया. पण त्याने पाटी वाचून दाखवू दे. वस्तीच्या अध्यक्ष समोर बसल्यायत तुझ्या, वाच. मोठ्याने.

रेनान : एकच डोळा उघडतोय. 'या कोपऱ्यावर कचरा टाकणाऱ्याला'... पुढचं दिसत नाही.

एउसेबिया : 'जिवंत जाळू.'

रेनान : अच्छा. अर्धी पाटी बरी होती.

बासिलियो : आणि आता वर बघ. तुला बांधलंय त्याच खांबावर टांगलाय बाहुला. फास मी बांधला, कपडे मी शिवले. अख्ख्या एल आल्तो शहरात चोरांना धाक म्हणून लोक असे बाहुले टांगतात. जुनी विजार, भुसा, झालं. आमच्या बाहुल्याला टाय आहे.

रेनान : शिलाई सुरेख आहे. खरंच सांगतो.

बासिलियो : तीस वर्षं शिंपीकाम करतोय.

एउसेबिया : कौतुक नंतर. ऐक रे. तुला धरल्याचे तीन फटाके वाजवलेत आम्ही. खाली मैदानात सभा भरलीये. हात वर होतील आणि मग माणसं वर येतील, टायर घेऊन. टायर गळ्यात घालतात, माहीत असेल. तेवढ्या वेळात खरं बोल. कोण तू?

रेनान : रेनान काल्यिसाया. कचरागाडीचा घंटावाला. गाडीपुढे घंटा वाजवत चालतो तो.

बासिलियो : खोटं! घंटावाल्याच्या अंगात केशरी बंडी असते.

रेनान : गेल्या वेळी केशरी बंडीतल्या माणसाला तुम्ही नाल्यापर्यंत दगड मारत नेलंत. गाडी अर्धा तास उशिरा आली म्हणून. पाच टाके पडले त्याला. तेव्हापासून गाडी बंद आहे ना तुमच्याकडे? पाच आठवडे झाले. आज मला पाठवलं. साहेब म्हणाले, साध्या कपड्यांत जा, म्हणजे कोणी मारणार नाही.

एउसेबिया : हुशार आहेत साहेब.

रेनान : म्हणाले, वस्ती शांत झालीये का बघ. झाली असली तर घंटा वाजव. गाडी खाली पुलाशी उभी आहे, घंटा ऐकली की चढेल.

एउसेबिया : मग काय वाटतं तुला? शांत झालीये?

रेनान : मी अजून काही कळवलेलं नाही.

बासिलियो : डोन्या, थापा आहेत या. याच्याकडे सापडलेली ती घंटा शाळेची आहे. गेल्या वर्षी शाळेची चोरीला गेली नव्हती का? म्हणजे हा घंटाचोरही आहे. दोनदा जाळता आला असता तर—

एउसेबिया : शाळेची घंटा तडकलेली होती. आण ती इकडे.

बासिलियो : वाजवू नका हं.

एउसेबिया : नुसतं नख लावते. ...हीच. हा आवाज मी मेले तरी विसरायची नाही. माझ्या नवऱ्याची अंत्ययात्रा आठवते का रे बासिलियो? या चढावर होती.

बासिलियो : आठवते. मी खांदा दिला होता.

एउसेबिया : दिला होतास, घंटा वाजेपर्यंत. गाडी मिनिटभरही थांबत नाही, म्हणून सहाही जणांनी शवपेटी रस्त्यावर ठेवली आणि पिशव्या आणायला घरी पळालात. पाद्रीसुद्धा पळाला. 

बासिलियो : त्याच्याकडे माशांची डोकी होती, डोन्या. 

रेनान : तो मी होतो. म्हणजे घंटावाला. मी विचारलंही होतं तुम्हाला, ही पेटीपण न्यायची का म्हणून.

एउसेबिया : ...तू होतास तो?

रेनान : तुम्ही मला चप्पल मारली होतीत.

एउसेबिया : तोंड सुजलंय म्हणून ओळखलं नाही. बासिलियो, हा खरंच घंटावाला आहे.

बासिलियो : घंटावाला असो नाहीतर बिशप! हातात पोतं होतं याच्या, ढिगाला लागून. ठराव काय म्हणतो? 'पोत्यासह सापडेल तो.' व्यवसाय विचारा असं ठरावात कुठेही नाही.

रेनान : टाकत नव्हतो, उचलत होतो.

बासिलियो : ऐका! दुसऱ्याचा कचरा कोणी उचलतं का?

रेनान : मला पगार मिळतो त्याचा. गाडीत दगडमाती चालत नाही, म्हणून आधी एक पोतं उचलून वजन बघत होतो. तेवढ्यात मागून फळी बसली. ओ! ओ वरच्यांनो! वाचवा!

एउसेबिया : ओरडून काय होणार? केबल कार आहे ती. माणसं कामाला चाललीत.

रेनान : हात हलवतायत.

एउसेबिया : चित्रण करतायत. मघाच्या पाळण्यातलीही करत होती. बासिलियो, पोतं उघड.

बासिलियो : कशाला? पुरावा आहे तो. सभेसमोरच उघडायला हवा.

एउसेबिया : उघड म्हणते ना.

बासिलियो : घाण असेल. तुमच्या घागऱ्याला लागेल. उंदीर असायचा एखादा.

एउसेबिया : सुरी दे इकडे, मीच फाडते. ...हं. उंदीर नाही. मखमल आहे. जांभळी. कातरलेली. हिरव्या टिकल्या. रिळं. बासिलियो, आपल्या वस्तीत नाचमंडळींचे पोशाख कोण शिवतं?

बासिलियो : बांधा ते पोतं, डोन्या. वारा सुटलाय.

रेनान : बाहुल्याचा टायपण जांभळाच आहे.

एउसेबिया : तू गप. एका डोळ्याने फार बघू नकोस.

बासिलियो : पाच आठवडे, डोन्या! पाच आठवडे त्या कात्रणांवर झोपतोय. बायकोचा दमा उसळलाय, मखमलीचा भुगा नाकात जातो तिच्या. एकच पोतं टाकलं. एकच.

एउसेबिया : स्वतः टांगलेल्या बाहुल्याखाली?

बासिलियो : मीच शिवलाय तो. त्याला मी कसा घाबरणार?

एउसेबिया : मी म्हणत होते दंड करू. सभेत उठून 'जाळू' कोण म्हणालं? लहान पोरांसारखा बाकावर चढून?

बासिलियो : मी.

एउसेबिया : आणि खाली सह्या?

बासिलियो : सगळ्या घरांच्या. दोनशे बारा.

एउसेबिया : ढिगातही सगळ्या घरांचंच आहे. माझीसुद्धा दोन पोती आहेत तळाशी. पण उघडं पडलं ते तुझं.

(चढाखालून शिट्ट्या, माणसांचा गलका आणि टायर घरंगळल्याचा आवाज.)

बासिलियो : आले. डोन्या, ऐका. पोतं शिवून टाकतो, सुई आहे माझ्याकडे. कोणाला कळणार? हा बाहेरचा. आणि तसाही अर्धा मेलाय.

रेनान : अर्धा नाही, काका. बोटं आणि एक दात.

बासिलियो : मला चार माणसं ओळखतात इथे! याला कोण विचारणार?

एउसेबिया : खरं आहे.

रेनान : डोन्या...

एउसेबिया : खोटं कशाला बोलू? मखमल बघितली तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. पोतं बांधावं आणि तोंड फिरवावं. बासिलियोबरोबर मी या वस्तीत पहिली वीट ठेवलीये. तू कोण माझा?

रेनान : कोणी नाही. पण माझी मुलगी आहे, पाच वर्षांची. संध्याकाळी मी तिला आणायला जातो.

एउसेबिया : तेही कारण नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी आलीये. चढावर एकटी. आणि घसरायला लागली होती, आठवतं तुला?

रेनान : आठवतं. घंटा काखेत मारली आणि पेटी धरून ठेवली. जड होते तुमचे मालक.

एउसेबिया : बटाट्याचं सूप भारी आवडायचं त्यांना. हात मागे घे, दोर कापते. बासिलियो, ही घंटा धर.

बासिलियो : मी? मी काय करू?

एउसेबिया : वाजवत खाली जा. त्यांच्या अंगावर.

बासिलियो : पेट्रोल घेऊन येतायत ते!

एउसेबिया : तूही खांदा द्यायला आला होतास, घंटा ऐकताच पळालास. जा. पाच आठवड्यांची पोती आहेत प्रत्येकाच्या घरात. गाडी चुकवून माणूस जाळायला कोण थांबेल?

बासिलियो : आणि थांबलेच तर?

एउसेबिया : तर हे पोतं माझ्या मांडीवर आहे. उघडं. ते आधी याला विचारतील की तुला, ते बघू.

रेनान : मनगट सैल ठेवा, काका. तीन ठोके, मग एक. आणि आत्ताच नको, कोपरा वळल्यावर सुरू करा.

बासिलियो : मी अजून वाजवलीच नाहीये.

एउसेबिया : वाजतेय की.

बासिलियो : हात कापायचा थांबत नाहीये, डोन्या.

एउसेबिया : असू दे. तसाच जा.

रेनान : ...गेला? मला कोपरा दिसत नाही.

एउसेबिया : गेला. भिंत धरून चाललाय. समोर सगळी आहेत. पुढे खाटीक, डबा घेऊन. बायका काठ्या घेऊन. थांबलीत.

रेनान : दोर कापा, डोन्या. लवकर.

एउसेबिया : कापतेय. जाड आहे, बासिलियोनेच आणला होता. ...खाटकाने डबा खाली ठेवला.

रेनान : काडी ओढायला?

एउसेबिया : नाही. घराकडे पळाला. सगळीच पळाली. टायरही सोडला मेल्यांनी, एकटाच उतरतोय पुलाकडे. सुटला तुझा हात. बोटांना फडकं बांध. हे घे, मखमलच आहे.

रेनान : इंजिन ऐकू येतंय. आमचीच गाडी, दुसऱ्या गिअरला अशीच खोकते. आता थांबवा म्हणा काकांना. अजून वाजवतायत ते.

एउसेबिया : तो वाजवत नाहीये, पोरा.