फीमाफीसाठी दरबारी पोशाख

माझी कॉलेजची फी कशी माफ झाली, ते ऐका. मॅट्रिकनंतर मला मद्रासची शिष्यवृत्ती मिळत होती, पण तिथे राहण्याजेवण्याची सोय नव्हती. इथे कुंभकोणमला फी माफ झाली, तर घरी जेवून शिकता आलं असतं. आप्पांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "इथेच. मी साहेबाला भेटतो."

आमचे आजोबा तंजावरच्या दरबारातले. राज्य खालसा झालं, तरी साहेबाकडे दरबारी पोशाखातच जायचं, ही घरची रीत सुटली नव्हती. आप्पा जरीचं पागोटं आणि शेला घालून मला घेऊन गेले. प्रिन्सिपॉलसाहेबाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोडक्यातोडक्या तमिळीत म्हणाला, "फीमाफी गरिबांसाठी असते."

मला वाटलं, संपलं सगळं. आप्पांनी शांतपणे पागोटं उतरवून टेबलावर ठेवलं. परक्यापुढे त्यांना बोडक्या डोक्याने मी कधीच पाहिलं नव्हतं.

"हे शेजाऱ्यांचं," ते म्हणाले. मग शेला काढून त्याची घडी केली. "हा मेहुण्यांचा."

साहेबाने विचारलं, "मग तुमचं काय?"

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हा एवढा."