बालवाडीतल्या टीव्हीचा ठराव

नाही, हात वर करायला माझी ना नाही, बाई — हात वर करण्यात आमच्या गावाला तोड नाही. मी सरकारी फळबागेच्या कचेरीत कारकून होतो, सभेतले हात मोजायचं काम माझ्याकडे. ठराव वाचून व्हायच्या आत हात वर! कशाचा ठराव झाला ते दुसऱ्या दिवशी मला विचारत यायचे. तेव्हा आज संध्याकाळच्या पालकसभेत बालवाडीतला टीव्ही काढायला तुम्हाला हात हवे असतील तर मिळतील. बसा ना. बाक ओला नाही, मी पुसलाय. सूर्यफुलाच्या बिया घ्या — टरफलं खाली टाका, सगळेच टाकतात. पालकसभा म्हणालात, नाही का? पालक आहेत कुठे पण? ही बघा सभा — मी, पलीकडे विणत बसलेली परास्किवा, आणि फाटकापाशी तो काठीवाला गावरिल. खरे पालक इटलीत, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया आंघोळी घालून खुर्चीत बसवतायत. आणि इथं त्यांची पोरं आम्हा म्हाताऱ्यांना सांभाळतात. कुणी आखलंय हे सगळं, कोण जाणे, पण हिशेब जुळतो.

तुम्ही राजधानीतल्या, किशिनाऊच्या, तुमचे यजमान आमचे नवे गुरांचे डॉक्टर, तुमचं घर भरलेलं — तुम्हाला काळजी वाटणारच. वाचलंयत तुम्ही टीव्हीबद्दल, हो, सांगितलंत मघाशी. डोळे जातात, बोलणं उशिरा येतं, पोरं गुंगून बसतात. असेल. मी काही डॉक्टर नाही, गुरांचाही नाही. तुम्ही म्हणता, तुमची मिरुना तीन आठवडे इथं आली काय, घरी गेली की चित्र काढते आणि तुम्हाला न दाखवता टीव्हीपुढे जाऊन उभी राहते, कागद काचेपुढे धरून. बंद टीव्हीपुढे. आणि तुम्ही हाक मारली तरी वळत नाही. घाबरलात. घाबरणारच. पण ते गुंगणं नव्हे, बाई. तो इथला शिष्टाचार आहे — तिनं इतर पोरांचं बघून उचललं. घरात पाय पुसून यावं तसं.

म्हणजे काय? म्हणजे असं — हा टीव्ही पाठवला कुणी? पोरांच्या आयांनी. माझी लेक औरिका, परास्किवाची सून, आणखी सात-आठ जणी, तिकडे इटलीत पार्मा शहरात एकमेकींच्या आसपास राहतात, त्यांनी वर्गणी काढली आणि रविवारी तिकडून येते त्या मिनीबसनं टीव्ही पाठवला, गोधडीत गुंडाळून, पास्त्याच्या पाकिटांच्या मध्ये. आणि त्या आठवड्यात प्रत्येकीनं फोनवर आपल्या पोराला सांगितलं, बाळा, आईनं तुझ्या बालवाडीत मोठ्ठा टीव्ही पाठवलाय हं. आता सांगा, पोरानं काय समजावं? या पोरांना आई म्हणजे काच. जन्मापासून काच. फोनच्या काचेत आई येते, म्हणते, दाखव बघू आज काय काढलंस — पोर कागद धरतं, आई म्हणते, वा वा. आणि आईनंच आता मोठी काच पाठवली! पहिल्या दिवशी फेव्रोनियाबाईंनी — त्यांच्या शिक्षिका हो — टीव्ही लावला, कुठलंसं सशांचं कार्टून, तर एकही पोर बसलं नाही. उठली, चित्रं घेऊन रांगेत उभी राहिली आणि एकेक जण सशाला चित्र दाखवून गेला. फेव्रोनियाबाई मला हसत हसत सांगायला आल्या. सांगता सांगता मध्येच म्हणाल्या, चहा आहे का, हरालांबीमामा?

हसा, हसा, मीही हसलो होतो. माझा नातू सांदू तर दात घेऊन गेला — पहिला दात पडला ना, तो मुठीत. ससा काही बोलला नाही. सांदू म्हणाला, आईकडे आवाज येत नसेल. होतं तसं कधी कधी, आमच्याकडे रेंज टेकडीच्या पलीकडे जाते.

घ्या ना बिया. — औरिका? आली होती, ईस्टरला आली होती. दोन वर्षांनी. मी कोकरू घेतलं, अंडी लाल केली, घराला चुना दिला. ती दारात उभी, हातात पिशव्या — आणि सांदू माझ्या मागे. पुढे येईना. ती म्हणाली, बाळा, मी आई. तर हा म्हणतो — ही आई नाही. आणि तळहात पुढे केला, असा — म्हणाला, आई एवढी असते. आता यात पोराचं काय चुकलं? खरंच एवढी असते. औरिका हसली. सगळेच हसलो. दुपारी ती जवळ बसून कोकराचं मांस भरवायला लागली तर हा उठून माझा फोन घेऊन आला, आणि फोनला विचारतो, आई, ही बाई कोण आलीय? मग ती ठरल्याच्या आधीच परत गेली, कामावरून बोलावणं आलं म्हणाली. आलं असेल. त्या म्हाताऱ्यांचं काही सांगता येत नाही.

तेव्हापासून फोन नाही. म्हणजे पैसे येतात, डबे येतात, चेहरा येत नाही. सांदूला मी सांगतो, आईकडची काच बिघडलीय. पूर्वी ती यायची तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं — बाबा, घरात टोपी कसली घालता, काढा, तुमचं तोंड दिसत नाही. मी काढायचो. टक्कल काय बघायचं असायचं तिला, ते तिलाच माहीत. असो. तुमचा विषय टीव्हीचा.

तर टीव्ही. तुम्ही संध्याकाळी सांगणार आहात की पोरं तासन्‌तास टीव्ही बघतात. खरं आहे. फक्त एक सांगू का — सभेत फजिती नको म्हणून सांगतो — तो बंद आहे. आजपासून नाही हो, द्राक्षं उतरवायच्या दिवसांत वीज पडली ना खांबावर, तेव्हापासून. जळलाय आतून. चालतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कोण सांगणार, फेव्रोनियाबाई ओशाळल्या होत्या, भेटवस्तू जाळली म्हणून. त्यांनी तो उतरवून कोठीत ठेवला होता. तुम्हाला हवं तेच झालं होतं, ठरावाशिवाय. तर दुपारी पोरांनी सूप घेतलं नाही. रडली असती तर बरं, रडली पण नाहीत. बूट घातले आणि कोठीच्या दाराशी जाऊन बसली, कागद मांडीवर घेऊन. मला निरोप आला. मी गेलो, स्क्रू होतेच भिंतीत, परत टांगला. मेलेला टीव्ही. सरळ टांगलाय, पट्टी लावून बघितलं.

हो, त्याच्यापुढेच बसतात. काळ्या काचेपुढे. दाखवतात. आता त्यात फक्त चित्र धरलेलं पोरच दिसतं, पण आत कुणीतरी दिसतंय एवढं त्यांना पुरतं. तुमची मिरुना त्यांच्यात जाऊन बसते, तिला वाटतं असंच करायचं असतं. — काढा ना, मी नाही म्हणत नाही. हात वर करा, मी मोजतो, सवय आहे. फक्त त्या कोठीच्या दाराशी मग तुम्ही जा. परास्किवाचे गुडघे दुखतात आणि मला — मला तिथं काय बोलायचं ते येत नाही. त्या दिवशी टांगून झाला, खाली उतरलो, मागे सरून बघितलं सरळ आहे का, आणि बघतो तर टोपी माझ्या हातात. कधी काढली, कळलं नाही. पोरं बघत होती. त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नसावं.

घंटा झाली. सुटली. तो बघा आमचा, मफलर ओढत येतोय. आणि ती तुमची — लाल टोपडं ना? हातात कागद आहे तिच्या. थांबली. तुमच्याकडेच बघतेय, बाई — बघ पोरी, लांबून धरलाय कागद, दाखवतेय तुला. अगं नुसती बघत काय बसलीस? वा वा म्हणू नकोस. तुला हात आहेत ना? जा. घे तो.

चल रे सांदू. बटण लाव.