मंदोदरीची हरकत

या मंडळी, पुढे या. मागे खांबाला टेकून बसलेत त्यांनी जरा सरळ व्हा. कुणाला डुलकी लागली तर मी काही बोलणार नाही, आमचे तबलजी बोलतील!

आज प्रश्न एकच. दुसऱ्याचं घर पाडणं हे पाप की नाही? मोठ्यानं सांगा! ...पाप! शाब्बास. किती झटपट उत्तर दिलंत! आता दुसरा. दुसऱ्याचं घर उभंच राहू न देणं, ते काय? आँ? का हो, आवाज कुठं गेला? पाडलेल्या घराच्या विटा तरी दिसतात, पंचनामा होतो, चार माणसं हळहळतात. उभंच राहिलं नाही त्या घराचं काय दिसणार? मग त्याचं पाप कुणाच्या माथी?

ऐका तर मग!

एक मोठं शहर होतं. नाव घेत नाही, उगाच कुणी मनाला लावून घ्यायचं. त्या शहरात अशोकवन नावाची बंगल्यांची सोसायटी. चौऱ्याऐंशी बंगले. नियम साठ वर्षांपूर्वीचा — तळमजला आणि वर एक मजला, संपलं! तेव्हा आजूबाजूला ज्वारी डोलत होती, कुणाची अडचण होत होती? आज समोर मेट्रो आली, शेजारी हॉस्पिटल आलं, कॉलेज आलं, नियम मात्र तोच! म्हणजे मुंजीतला सदरा, आणि म्हणे नातवंडं झाली तरी हाच घालायचा!

त्या घरांत स्वयंपाकाला यायची मंदोदरी सोळंके. रावणाची नव्हे हो, बीडकडची! सगळे मंदाच म्हणायचे. सातवी शिकलेली, हाताला चव, तोंडाला कुलूप. नवरा मार्केटात हमाल. राहायची टोलनाक्याच्या पलीकडे, तेवीस किलोमीटरवर, पत्र्याच्या एका खोलीत. पहाटे सव्वापाचला निघायचं, दोन बस बदलायच्या, चार घरचा स्वयंपाक करायचा आणि रात्री आठला परत.

आणि मंडळी, तिला एक मुलगी. ऋतुजा. पाच वर्षांची होती तेव्हा शाळेतून आली की शेजारणीच्या पायरीवर दप्तर घेऊन बसायची, आई येईपर्यंत. एके दिवशी मंदा आली तर पायरी रिकामी! शोधलं, हाका मारल्या, गल्लीगल्ली पालथी घातली. पोरगी सापडली बसथांब्यावर. दप्तर उशाला घेऊन झोपलेली! "आई, तू लवकर दिसावीस म्हणून इथं आले." दुसऱ्याच आठवड्यात मंदानं तिला आजीकडे गावी धाडलं. त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी फोनवर एकच विचारणं, "आई, मला कधी नेणार?" आणि आईचं एकच उत्तर, "कामाजवळ खोली मिळाली की."

कामाजवळ खोली! अशोकवनाजवळ! अहो, दोन मजल्यांच्या वर बांधायलाच बंदी, तर खोली काय आभाळातून लोंबणार?

तेवढ्यात महापालिकेचा नवा आराखडा आला. अशोकवनाच्या रस्त्याकडेच्या प्लॉटवर सहा मजले चालतील. सक्ती नाही, ज्याला बांधायचं त्यानं बांधावं. पण बांधलं तर तिसरा हिस्सा लहान घरांचा, परवडेल अशा भाड्याचा. झालं! सोसायटीच्या पायाखालची वाळू सरकली. "ऊन अडेल!" "पाणी पुरणार नाही!" "गाड्या कुठं लावायच्या?" "कोण कुठले लोक येतील!" मंडळी, पाण्याची काळजी खोटी नाही, मी हसत नाही तिला. पण ओरडणाऱ्यांतल्या निम्म्यांनी गच्चीवर पत्रे टाकून खोल्या काढल्या होत्या, त्याचं काय? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

सोसायटीचे अध्यक्ष दिगंबरपंत खासनीस, बंगला नंबर बारा. सगळे त्यांना नाना म्हणत. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. मंदाला ताप आला तर स्वतः डॉक्टरकडे नेणारा, दिवाळीला तिला साडी आणि पोरीला फ्रॉक देणारा. पण सभेत त्यांना कल्पना सुचली. म्हणाले, "चौऱ्याऐंशी हरकती कमी पडतील. आपल्याकडे कामाला येतात त्यांच्याही सह्या घ्या. तीही इथलीच माणसं!"

ऐकलंत? तीही इथलीच! सहीपुरती इथलीच!

दुसऱ्या दिवशी नाना स्वयंपाकघरात आले. "मंदा, इथं सही कर." तिचे हात कणकेचे. पुसले, सही केली. वाचलं? नाही! वाचता येत होतं की. पण अकरा वर्षं ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्यानं पुढे केलेला कागद वाचायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, अशी आपली रीत. तुम्ही तरी वाचता का? आणि नानांनी काय केलं, हरकत जवळच्या रहिवाशाचीच धरतात म्हणून तिच्या नावापुढं पत्ता घातला — बंगला क्रमांक बारा, अशोकवन!

घरात देव बैसविला । दारास अडसर घातला ।
येता जीव परतविला । पूजा मग कोणाची ॥

सुनावणीचा दिवस उजाडला. महापालिकेचा हॉल गच्च भरलेला. नानांनी मंदाला आपल्या गाडीतून आणलं. "बोलायचं काही नाही. नाव पुकारलं की हो म्हणायचं." तीन तास गेले. मंदा भिंतीशी उभी, आणि त्या भिंतीवर आराखडा लावलेला. वेळ घालवायला ती वाचू लागली. अशोकवन... सहा मजले... तीनशे चौरस फुटांची घरं... भाड्यानं... आणि खाली लिहिलेलं, याविरुद्ध ज्यांची हरकत आहे त्यांची सुनावणी!

मंडळी! आपण सही कशावर केली ते तिला तेव्हा कळलं. आपल्याच पोरीच्या खोलीवर! आपल्याच हातानं!

आणि पुकारा झाला. "मंदोदरी सोळंके, राहणार बंगला क्रमांक बारा!"

ती पुढे गेली. सुनावणीला महापालिकेच्या अधिकारी तडवी मॅडम बसलेल्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही बंगला नंबर बारामध्ये राहता?"

शेजारी नाना. ओठ न हलवता म्हणाले, "हो म्हण, मंदा. नुसतं हो म्हण."

काय करेल ती? सांगा ना! हो म्हणावं तर पोरीची खोली गेली. नाही म्हणावं तर नाना सगळ्यांसमोर खोटे पडले, आणि उद्या चारही घरांची दारं बंद! मागे अख्खं अशोकवन बसलेलं, शंभर डोळे तिच्या पाठीवर. मॅडमनी पुन्हा विचारलं, "बाई, राहता की नाही?"

"नाही, मॅडम." मंदा म्हणाली. "मी तिथं राहत नाही. मी टोलनाक्यापलीकडं राहते. मला तिथं राहायचंय! मला हरकत नाही मॅडम, मला घर पाहिजे!"

हॉलमध्ये गलका! "कुणी शिकवलं हिला!" नानांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. म्हणाले, "मंदा, अकरा वर्षांत कधी बोलली नाहीस!"

ती वळली. डोळ्यांत पाणी, पण नजर सरळ. "नाना, अकरा वर्षं तुमच्या घरी येते. कुठून येते, ते एकदा तरी विचारायचं होतं."

नाना उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, पत्ता मी लिहिला. चूक माझी. हिची हरकत काढून टाका." मॅडमनी विचारलं, "आणि तुमची स्वतःची?"

नानांनी मागे वळून पाहिलं. सगळी सोसायटी बसलेली. खाली बघत म्हणाले, "माझी... माझी राहू द्या."

अहो, च्च च्च काय करता? तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी तरी काय केलं असतं, कोण जाणे!

मंदा परत जाताना गाडीत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तीन घरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. चौथं घर नानांचं. दार त्यांनीच उघडलं. रात्रभर झोपले नव्हते. "मंदा, घरून किती वाजता निघतेस?" "सव्वापाचला." "आणि ऋतुजा असते कुठं?" मग तिनं सगळं सांगितलं, पायरी सांगितली, बसथांबा सांगितला. ऐकता ऐकता म्हातारा रडला हो! तसाच उठला, पत्र लिहिलं — माझी हरकत मागे घेतो, इथं घरं होऊ द्या, माझ्या प्लॉटवरही होऊ द्या. आणि स्वतः महापालिकेत नेऊन दिलं.

खिडकीवरच्या कारकुनानं पत्र पाहिलं आणि परत केलं. "आजोबा, मुदत काल संपली."

मदतनिसांच्या सह्या बाद झाल्या, पण चौऱ्याऐंशी हरकती पुऱ्या पडल्या. आराखड्यातून अशोकवन वगळलं. पुढचा आराखडा वीस वर्षांनी! ऋतुजा नऊ वर्षांची आहे. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची असेल. तिला आईजवळची खोली तेव्हा काय कामाची? सांगा मंडळी, कुणी कुणाची वीट काढली? कुणी नाही! कुणी कुणाचं काही घेतलं? नाही! आणि तरी एका पोरीचं अख्खं लहानपण गेलं. त्याला पापच म्हणतात.

आता तुमच्याकडे वळतो. हसू नका. आत येताना पाहिलं मी, या देवळाच्या दारात, चपलांच्या शेजारी टेबल मांडलंय, त्यावर हरकतीचा कागद. तुमच्याही रस्त्यावर चार मजल्यांची परवानगी येतेय म्हणे! तुमच्या अध्यक्षांनी मलाही पेन दिलं. म्हणाले, "बुवा, सही करा, पत्ता आम्ही आमचाच घालतो!" मान खाली घालू नका अध्यक्ष, तुम्ही नानांसारखेच भले आहात, म्हणून तर बोलतोय. आणि तुमची मुदत अजून संपलेली नाही. शुक्रवारपर्यंत आहे.

पाण्याचं मागा, गाड्यांच्या जागेचं मागा, भांडून मागा! सूचना लिहा. पण माणसाला राहू देणार नाही, असं देवाच्या दारात बसून लिहू नका.

आणि आरती मी आज लवकर घेतोय. आजच्या प्रसादाचा शिरा ज्यांनी केला त्या बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या आहेत. बघा, वळून बघा. कीर्तनाआधी मी त्यांना विचारलं, कुठून येता? त्यांची बस पावणेआठला आहे, आणि पुढे दोन तासांचा रस्ता. मघापासून त्या घड्याळाकडे बघताहेत, पण तुमच्यापैकी कुणाला मध्येच कसं सांगायचं म्हणून थांबल्यात. उठा मंडळी, त्यांना आधी वाट द्या.