सासूबाईंची उत्तरं

गरोदर बाईच्या बीपीचं हे ॲप ज्यानं कुणी बनवलं, त्यानं तपासताना सासूला कुठं बसवायचं तेवढं तरी सांगायचं की! मी आरोग्यसेविका; हिर्डोशीत घरी जाऊन तपासलं, तर आठव्या महिन्यातल्या सुरेखाचं बीपी वाढलेलं निघालं. मी टॅबवरचे प्रश्न वाचायला लागले. डोकं दुखतं? डोळ्यांना कमी दिसतं? सुरेखा तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणायच्या, "न्हाई वो, काय बी न्हाई." ॲपनं पिवळा रंग दाखवला, उद्या पुन्हा तपासा. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सुरेखानं माझ्यासाठी चहा ओतला, तो कपाच्या शेजारी, थेट जमिनीवर.

"आंधळी हाईस का?" सासूबाई ओरडल्या.

"दोन कप दिसत्यात, ताई," ती मला हळूच म्हणाली. "सकाळधरनं."

मी उत्तर बदललं. पडदा लालभडक झाला: ताबडतोब रुग्णालयात हलवा. शेजाऱ्याची जीप बोलावली आणि भोरच्या वाटेला लागलो. प्रत्येक वळणावर मी विचारत होते, "सुरेखा, दिसतंय ना गं?"

"दिसतंय, दिसतंय," सासूबाई रडत म्हणाल्या.

जीपवाला मागं न बघताच बोलला, "आजी, तुमी गप ऱ्हावा. तिचा आवाज आला, तरच माझ्याच्यानं गाडी चालवंल."