उसं कुठल्या बाजूला

प्रधान मॅडम : ...हे झालं पाठ केलेलं. 'मी दीर्घ श्वास घेते, मन शांत ठेवते.' सकाळपासून गार्डच्या मुलाखतीला जो आला त्यानं हेच सांगितलं.

जुनमाया : एकाच शिकवणीला गेलो ना आम्ही सगळे, मॅडम. मग दुसरं कुठून आणणार?

प्रधान मॅडम : हसण्यावारी नेऊ नका. शाळेचं गेट आहे हे. एखादा बाप पिऊन येतो, एखादी आई भांडायला येते. अशा वेळी ताण आला की तुम्ही काय करता? शिकवणीतलं नको, तुमचं सांगा.

जुनमाया : आधी कुठं होते ते वाचलंत ना?

प्रधान मॅडम : विमानतळ. मालाचं गेट. पार्सलं वगैरे.

जुनमाया : पार्सलंच म्हणायची. कतारची, मलेशियाची. लांबट खोकी असतात, मॅडम. माणसाएवढी.

प्रधान मॅडम : ...अच्छा.

जुनमाया : तिकडं कामाला जाताना पोराची बॅग जरा जड झाली तर आईनं दिलेली लोणच्याची बरणी काढून ठेवायला लावतात. येताना वजनाबद्दल कुणी ब्र काढत नाही.

सुभेदार राई : मुद्द्याचं बोल, बहिनी.

जुनमाया : मुद्दाच सांगतेय, साहेब. घरची माणसं डोंगरातून जीप करून येतात. गेटाशी खोकं बघितलं की कोसळतात. मी त्यांना रडू देते. रडणाऱ्याला आवरायला गेलं की तो गेट मोडतो. रडून झालं की मग सगळे एकच विचारतात.

प्रधान मॅडम : काय?

जुनमाया : डोकं कुठल्या बाजूला?

प्रधान मॅडम : खोक्यावर लिहिलेलं असेल की.

जुनमाया : नाव असतं. उसं कुठं, पायथा कुठं, ते नसतं. दोन्हीकडून सारखंच लाकूड. आणि आईला तर उशाशी बसायचं असतं. त्यावरून सख्ख्या भावांत धक्काबुक्की व्हायची. मग मी पुढं व्हायची आणि ठासून म्हणायची, 'इकडं.' की सगळं गप.

प्रधान मॅडम : तुम्हाला कसं कळायचं?

जुनमाया : नाही कळायचं.

प्रधान मॅडम : म्हणजे चक्क खोटं?

जुनमाया : ताणाचं विचारलंत ना, मॅडम. ताण जायचा.

प्रधान मॅडम : सुभेदारसाहेब, गेट तुमच्या हाताखाली आहे. तुम्ही काहीच विचारत नाही.

सुभेदार राई : ऐकतोय.

जुनमाया : दशैंच्या सणापर्यंत असंच चाललं. मग ओखलढुंग्याचा एक म्हातारा कागदपत्रांसाठी परत आला. म्हणाला, बाई, जाळायला घाटावर नेऊन खोकं उघडलं. आमच्या म्हातारीनं वाटभर पायच कुरवाळले होते.

प्रधान मॅडम : अरे देवा. भांडला असेल.

जुनमाया : भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, असू दे, लहानपणीही कसाही उलटा झोपायचा. आणि मलाच पाणी आणून दिलं.

प्रधान मॅडम : ...मग?

जुनमाया : मग मी खोकं आधी दोन्ही टोकांनी उचलून बघायला लागले. छातीकडची बाजू जड लागते. तेव्हाच सांगायची. त्यात तिथल्या साहेबानं पाहिलं. मालाला हात लावायचा नाही, असा नियम. गेल्या महिन्यात काढलं.

प्रधान मॅडम : म्हणजे खोटं बोलत होतात तोवर नोकरी टिकली.

जुनमाया : तुम्हीच म्हणालात, मॅडम. मी नाही.

प्रधान मॅडम : हं. आणि आमचीच शाळा का? बँकेत पगार जास्त मिळतो.

जुनमाया : मुलांचं गेट हवं होतं मला.

प्रधान मॅडम : हे सगळेच म्हणतात... एक मिनिट हं, घरून फोन आहे.

(मॅडम फोन घेऊन व्हरांड्यात जातात.)

सुभेदार राई : टोपीशिवाय लहान दिसतेस.

जुनमाया : साहेब?

सुभेदार राई : आत आलीस तेव्हा चेहऱ्यावरून नाही लक्षात आलं. 'इकडं' म्हणालीस, तेव्हा आलं.

जुनमाया : ...कोण होतं, बा?

सुभेदार राई : मुलगा. कतारला होता. कुंपणावर पहारा द्यायचा, आपल्यासारखाच. गावी, भोजपूरला नेला.

जुनमाया : तुमचं खोकं... तुमचं मी उचलून बघितलं होतं, बा. मला आठवतंय.

सुभेदार राई : आमचा दशैंच्या आधी आला, बहिनी. नोकरीची काळजी करू नकोस. खरं सांग.

जुनमाया : नाही उचललं. माफ करा, बा. पण घरी उघडल्यावर दिसलंच असेल ना तुम्हाला?

सुभेदार राई : उघडलंच नाही. 'उघडू नये' असा शिक्का होता. जन्मभर हुकूम पाळले, हाही पाळला. आम्ही राई, आम्ही पुरतो. खोक्यासकट पुरला. तू दाखवलंस तिकडं उसं धरून.

जुनमाया : आणि त्याची आई?

सुभेदार राई : रोज जाते. उशाशी बसते. पावसानं माती खचली की हातानं सारखी करते. भांग पाडावा तशी.

जुनमाया : तिला काही सांगणार आहात?

सुभेदार राई : काय सांगू? मी तेच विचारतोय तुला. उसं कुठल्या बाजूला आहे?

जुनमाया : आई बसते तिकडं, बा.

सुभेदार राई : ठासून म्हणतेस?

जुनमाया : ठासून म्हणते.

सुभेदार राई : ...बरं.

जुनमाया : मी निघू का? मॅडमना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

सुभेदार राई : थांब. सोमवारी ये. सकाळी पोरं येतात. आईबाप गेटाबाहेरच थांबतात, आत कुणाला सोडायचं नाही. पोरं एकटी आत जातात.

जुनमाया : आणि दुपारी?

सुभेदार राई : दुपारी बाहेर येतात. आपापल्या पायांनी.