सोडायचं कधी

ताई : बोटं पसर. अजून. पट्टी घट्ट झाली तर आत्ताच सांग, नंतर कुरकुर नको.

थंडा : घट्ट नाहीये.

ताई : मग बोटं आखडून का घेतोयस?

थंडा : एसी आहे.

ताई : एसी मलाही आहे.

सर : ताई, त्याला बोलण्यात गुंतवू नका. हॉस्पिटलात पेशंटचं ड्रेसिंग करता तसं मुकाट्याने करा. थंडा, डोळे मीट. श्वास खाली, पोटात. डोक्यात एकच भाडेकरू ठेवायचा, बाकीच्यांना बाहेर काढायचं.

थंडा : पलीकडच्या खोलीत आजचा तो गडी पॅडवर ठोसे मारतोय सर. भिंतीतून ऐकू येतंय.

सर : येऊ दे. शेजाऱ्याच्या घरात भांडी पडली म्हणून आपण उठून बघायला जातो का?

ताई : आम्ही जातो.

सर : तुमच्या घरात सगळंच उलटं. झाल्या पट्ट्या? मग त्या दाराशी उभ्या असलेल्या साहेबांना बोलावतो सहीला.

थंडा : थांबा ना जरा. एवढ्यात सही नको.

सर : का रे?

थंडा : एकदा पट्टीवर सही झाली की पट्टी सोडता येत नाही. खोलीबाहेर जाता येत नाही. मुतायला गेलो तरी तो माणूस मागे येतो.

सर : नियम आहे. पट्टीत कुणी काही लपवू नये म्हणून. आज पहिल्यांदा लढतोयस का?

(अधिकारी येतो, दोन्ही पट्ट्यांवर सही करतो, हातमोजे चढेपर्यंत उभा राहतो आणि मग दारात खुर्ची टाकून बसतो.)

थंडा : मला आज पिंजऱ्यात उतरायचं नाही, सर.

सर : हे बघ, बाहेर पब्लिक तुला थंडा म्हणतं. नाक फुटलं तरी तुझी पापणी हलत नाही म्हणून म्हणतं. आणि तू इथे...

थंडा : नाक फुटण्याची भीती नाही. तो पुन्हा तेच करेल. आता सगळ्यांनाच माहीत झालंय.

ताई : काय माहीत झालंय? मला नीट सांगाल का कुणी? मागच्या वेळी मी ड्युटीवर होते. हरला एवढंच कळलं.

सर : हरला नाही, ताटात आलेलं परत केलं यानं. ह्याच शेजाऱ्याची मान मागून पकडली होती. पक्की. त्याचे डोळे फिरायला लागले होते. त्याने ह्याच्या हातावर दोनदा चापट मारली आणि ह्याने सोडला.

ताई : चापट म्हणजे टॅप ना, हार मानल्याची खूण? म्हणजे तो हरलाच की.

सर : रेफरीने पाहिलं तर हरला. रेफरी दुसऱ्या बाजूला होता. हा मोकळा झालेला गडी वळून म्हणतो, मी कुठे टॅप केलं, मी तर हात ढकलत होतो. आणि उरलेला वेळ ह्याला बडवला. शंभरदा सांगितलंय, रेफरीचा हात लागेपर्यंत सोडायचं नाही. लक्ष ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय.

थंडा : लक्ष होतं सर. मी सोडला नाही. हाताने सोडला.

सर : हात काय भाड्याने आणलेत?

थंडा : जिममध्ये पहिल्या दिवसापासून तुम्हीच सांगितलंत. टॅप झालं की विचार नको, सोड. उशीर केला तर लाकडी पट्टी बसायची. आता थोपटलं की हात सुटतो. मला नंतर कळतं.

सर : अरे, ते सरावात. समोर आपलाच पोरगा असतो. एकाचा खांदा निखळला होता माझ्यासमोर, तेव्हापासून मी...

ताई : थांबा सर. थोपटलं की हात सुटतो म्हणालास?

थंडा : ताई, तो विषय नको.

ताई : आईचाही असाच सुटला?

सर : ताई, हे आत्ता काढू नका. घटकाभरात नाव पुकारतील.

ताई : तुमचा तो एकच भाडेकरू कोण आहे ते कळलंय का तुम्हाला? बोल रे.

थंडा : काय बोलू. तू होतीसच की समोर.

ताई : होते. त्या शेवटच्या रात्री आईच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तुझा हात धरला होता तिने. दोनदा थोपटला आणि तू झटकन काढून घेतलास. ती चादरीवर हात फिरवून शोधत राहिली. तू नुसता उभा. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मला वाटलं, ह्याला किळस आली. नाहीतर कंटाळला.

थंडा : म्हणून तू इतके दिवस माझ्याशी नीट बोलली नाहीस.

ताई : राग होता मला. अजूनही थोडा आहे.

थंडा : मला कळलंच नाही ग. मी खाली पाहिलं तर हात मोकळा. परत द्यावा तर तोवर तू दिला होतास. मग मी श्वास मोजत उभा राहिलो. दुसरं काही येतच नाही मला.

सर : हे तू मला का नाही सांगितलंस?

थंडा : काय सांगणार? तुमचं शिकवणं फार चांगलं झालंय म्हणून?

सर : ...पाणी पी. बाटली मी धरतो. हे मीच घातलंय तुझ्या अंगात. काढायचं कसं ते मला येत नाही, खरं सांगतो.

थंडा : काढूही नका. मी सगळा विचार केलाय. आज शेजाऱ्याने थोपटलं आणि हात सुटला, तर हरलो. घरी जाऊन बसेन. पण समजा नाही सुटला. मी धरून ठेवू शकलो. मग तिचाच का सोडला?

सर : असा विचार करत आत गेलास तर पहिल्याच फेरीत आडवा होशील.

थंडा : म्हणूनच म्हणतोय, मला आत जायचं नाही.

ताई : दारात माणूस बसलाय आणि हातावर त्याची सही आहे. जाणार कुठे तू? इकडे बघ. तिने माझा हात धरला ना, तो कुणाचा ते तिला कळलंही नसेल. माझाही थोपटला. किती वेळ थोपटत होती. सोड म्हणून नाही. लहानपणी दुपारी झोपवायची, आठवतं? पाठीवर असंच चालायचं. ती आपल्याला झोपवत होती रे.

थंडा : मला वाटलं, सोड म्हणतेय.

ताई : माहीत आहे आता. आण तो हात. धर.

थंडा : हातमोजा जाड आहे. दुखेल तुला.

ताई : रोज पेशंट धरतात. धर घट्ट. सर, तुम्ही तिकडे बघा. आता मी थोपटते. ...सुटला.

थंडा : बघ.

ताई : परत. ...सुटला. परत. श्वास मोजू नकोस, माझ्याकडे बघ. ...परत.

सर : नाव पुकारलं. थंडा, चल.

ताई : एक मिनिट. परत. ...राहिला.

थंडा : राहिला?

ताई : हे बघ, मी थोपटतेय. अजून थोपटतेय.

सर : ताई, ते साहेब उठले. सोडा त्याला.

ताई : मी नाही धरलेला. सोड रे आता, बोटं बधिर झाली माझी.

थंडा : सोडू?

ताई : ...राहू दे. पिंजऱ्याच्या दारापर्यंत राहू दे.