कसदार जळण

माझी पीएचडी का राहिली म्हणून विचारता, तर ऐका. विषय गॅस टर्बाइनचा होता. टर्बाइनमधून तापलेला धूर तसाच वाया जातो. त्या उष्णतेवर इंधनाच्या गॅसची आणि वाफेची रासायनिक क्रिया करून घेतली, की गॅसची ताकद वाढते आणि तो कमी लागतो. पुण्याला विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे मी हे पाऊण तास ओव्हरहेड प्रोजेक्टरवर समीकरणं दाखवून सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, "काही कळलं नाही. सहा महिन्यांनी या."

कंटाळून पिंपरी पेंढारला मामांच्या गुऱ्हाळावर जाऊन बसलो. मामांनी विचारलं, तसं त्यांनाही सांगितलं. चुलवाणात चिपाडं सारत ते म्हणाले, "म्हंजे वाया जाणाऱ्या धगीवर जळणच कसदार करून घ्यायचं. यात न कळण्यासारखं काय व्हतं?"

पुढच्या खेपेला समितीपुढे मी मामांचंच वाक्य म्हटलं. सगळ्यांना लगेच कळलं. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला. "एवढं सोपं असेल, तर त्यात तुम्ही संशोधन काय करणार?"

मी फाईल काखेत मारली आणि एसटीत बसलो. आमचं पेठ गाव येईपर्यंत इतकी गाढ झोप लागली, की कंडक्टरला मला हलवून उठवावं लागलं.